कचरा जळाला, पाणी प्यायलेल्यांचे काय?



भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला आला आणि जूनअखेर जाळून झाला. तेव्हापासून भोपाळचा प्रश्न मिटला, असे बोलले जाते. पीथमपूर आमच्या इंदूरच्या उशाशी असल्याने धुराची आणि राखेची धास्ती आम्ही घेतली, ती रास्तच होती. पण त्या धास्तीत मूळ जागा आम्ही विसरलो, हे मला सलते.

जळाला तो आवारात साठवून ठेवलेला कचरा. १९८४ च्या वायुकांडाआधी पंधरा वर्षे कारखाना चालू होता. त्या काळात आवारातल्या खड्ड्यांत आणि उत्तरेकडच्या बाष्पीभवन तळ्यांत जे ओतले, त्याने माती नासली ती नासलीच, आणि ते झिरपून आसपासच्या वस्त्यांच्या हातपंपांतही उतरले. नागपूरची नीरी आणि हैदराबादची एनजीआरआय या संशोधन संस्थांनी २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज दिला होता: सुमारे ११ लाख टन! ३३७ टनांचा हिशेब यापुढे कुठे लागतो?

मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. 'अमुक रसायन मर्यादेत, म्हणून पाणी निर्धोक' हा निष्कर्ष मला पटत नाही. मर्यादा एकेका रसायनाची ठरते. हातपंपातून येते ते मिश्रण. मे महिन्यातला नमुना एक सांगतो, भर पावसानंतरचा दुसरे. आणि आजचा नमुना कितीही स्वच्छ निघाला, तरी १९९५ साली एखाद्या गरोदर बाईने काय प्यायले, ते त्यातून कळणार नाही. कारखान्याभोवतीच्या या वस्त्यांना शुद्ध पाणी द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये सांगावे लागले. तोवर वायुकांडाला जवळपास वीस वर्षे उलटली होती.

गॅसपीडित ठरले ते वायुकांडाच्या रात्री वायूच्या तडाख्यात सापडलेले लोक. नंतर तिथे राहायला आलेली, नंतर जन्मलेली, तेच पाणी पिऊन वाढलेली माणसे त्या यादीत बसत नाहीत.

म्हणून धोका मोजायची सुरुवात टनांपासून नको, घरांपासून व्हावी. कोणते घर कोणत्या हातपंपाचे पाणी किती वर्षे प्यायले, याची गल्लीवार नोंद घ्यावी. गर्भपात, जन्मजात व्यंगे, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग यांची तुलना शहरातल्या तशाच गरीब, पण नळाचे पाणी मिळालेल्या वस्तीशी करावी. निष्कर्ष त्या वस्त्यांत हिंदीतून वाचून दाखवावेत. हे होईपर्यंत कारखान्याच्या जागेवर एक वीटही रचू नये.

— एक निवृत्त शिक्षिका, इंदूर