आजचा इंग्रजी शब्द : ब्लर्ट

बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं, असं तुमचंही कधीतरी झालं असेल. त्यासाठी इंग्रजीत नेमकं क्रियापद आहे : ब्लर्ट. भूतकाळी रूप ब्लर्टेड. बहुतेक वेळा त्याच्यासोबत 'आउट' येतं.

अर्थ : विचार न करता एकदम बोलून टाकणे. हा शब्द 16व्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि तो आवाजावरून तयार झाला असावा, असं मानतात. आपल्या 'भडाभडा'सारखाच!

मराठीत मात्र प्रसंग पाहून शब्द निवडा :
• गुपित फुटलं – तोंडातून निसटलं
• नको तिथे नको ते बोलला – पचकला
• नंतर पस्तावा झाला – बोलून बसलो
• साठलेलं सगळं बाहेर पडलं – भडाभडा बोलली

आता एक प्रसंग बघा. रविवारची संध्याकाळ. रायपूरचं एक मराठी कुटुंब तेलीबांधा तलावाकाठी, म्हणजे आपल्या मरीन ड्राइव्हवर, फिरतंय. बाबांची नोकरी गेलीय. आजोबांना धक्का बसेल म्हणून सगळे गप्प आहेत. आजोबा सहज नातवाला विचारतात, "उद्या शाळेत कोण सोडणार?" तो म्हणतो, "बाबाच! त्यांना आता ऑफिसच नाही ना!"

द बॉय ब्लर्टेड आउट द ट्रुथ.

इथे 'टोल्ड' म्हटलं, तर त्याने नुसतं सांगितलं. 'रिव्हील्ड' म्हटलं, तर ठरवून गुपित उघड केलं असंही वाटू शकतं. 'ब्लर्टेड' म्हटलं की कळतं, त्याचा हेतू काहीच नव्हता. मुलाने चहाडी केली नाही, शब्द निसटले. म्हणजे घरी गेल्यावर त्याला रागवायचं की जवळ घ्यायचं, हे या एका क्रियापदात ठरतं.

लक्षात ठेवा :
• 'इट' नेहमी मध्ये येतं. 'ब्लर्ट इट आउट' बरोबर, 'ब्लर्ट आउट इट' चूक.
• पाठ केलेल्या भाषणासाठी हा शब्द वापरू नका. ब्लर्टमध्ये तयारी नसतेच.
• माफी मागताना : सॉरी, आय डिडन्ट मीन टू ब्लर्ट इट आउट.

आजचा गृहपाठ : पांडव द्रौपदीला घेऊन दारात आले आणि कुंतीने मागे वळून न बघताच सांगितलं, आणलंय ते सगळे वाटून घ्या. सांगा बरं, हे 'टेल' की 'ब्लर्ट'? आणि का? घरातल्या सगळ्यांना विचारा.