उतारवयातील हालचाल : साखळ्यांची टोपली आणि शरीराचा तोल

वाचकहो, अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहावयास गेलेल्या ज्येष्ठांचा दिवस कसा जातो, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. सकाळी आठला घर रिकामे होते आणि सायंकाळी सहापर्यंत बोलावयास कोणी नसते. गुडघे आखडतात आणि मनही आखडते. अशाच दिवसांत घराजवळच्या उद्यानात मला एक विचित्र वस्तू दिसली. एका खांबाच्या माथ्यापासून साखळ्या लोंबत होत्या आणि खाली जाळीची टोपली होती. ती कचऱ्याची टोपली समजून मी तीत केळ्याची साल टाकणार, तोच नातू ओरडला, "आजोबा, ते डिस्क गोल्फ आहे!"

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी आणि खळग्याऐवजी ही टोपली. ठरावीक जागेवरून तबकडी फेकावयाची, ती पडेल तेथून पुन्हा फेकावयाची आणि सर्वांत कमी फेकींत टोपलीत घालावयाची. एका मैदानात नऊ किंवा अठरा टोपल्या असतात. एड हेड्रिक यांनी 1975 साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. साखळ्यांची टोपलीही त्यांचीच कल्पना. बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत असतात आणि तेथे शुल्क लागत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांच्या स्पर्धाही तेथे होतात. थोडक्यात, हा खेळ आपल्यालाही खुला आहे. मात्र तो आपल्या शरीराच्या अटींवर खेळावयास हवा.

तबकडीची निवड

पहिली चूक मीच केली. नातवाची लांब पल्ल्याची, धारदार कडेची तबकडी उचलली आणि तरुणपणी दगड मारून कैऱ्या पाडत असे त्या आवेशाने फेकली. ती वीस पावलांवर डावीकडे वळून पडली आणि माझा खांदा पुढे सहा आठवडे दुखत राहिला. कारण सोपे आहे. तबकड्या तीन प्रकारच्या असतात : लांब पल्ल्याची 'ड्रायव्हर', मध्यम पल्ल्याची 'मिडरेंज' आणि टोपलीजवळ वापरावयाची 'पटर'. ड्रायव्हर वेगाने फेकली तरच नीट उडते. हात सावकाश चालणाऱ्याने ती घेतली की ती लवकर वळते आणि कोसळते. मग आपण अधिक जोर लावतो आणि खांदा गमावतो.

म्हणून ज्येष्ठांनी केवळ पटर आणि एखादी मिडरेंज घ्यावी. तबकडीचे वजन साधारणतः तिच्या मागे लिहिलेले असते. 175 ग्रॅमऐवजी 150 ग्रॅमच्या आसपासची हलकी तबकडी मागावी. तिचा रंग गवतात चटकन दिसेल असा, नारिंगी किंवा गुलाबी असावा.

फेकीची रीत

धावत येऊन फेकण्याचा मोह टाळावा. उभ्या जागेवरून फेकावे. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवा खांदा लक्ष्याकडे करून आडवे उभे राहावे. अंगठा तबकडीच्या वर आणि बोटे खाली कडेला असावीत. पकड घट्ट असावी, पण मूठ आवळलेली नसावी. समोर टांगलेली शाल छातीजवळून ओढून घ्यावी, तसा हात सरळ रेषेत पुढे आणावा. बळ दंडातून काढू नये. ते पाय आणि कंबर यांच्या हलक्या वळणातून येऊ द्यावे. फेकल्यानंतर शरीर आपोआप वळते. त्या वेळी पुढचे पाऊल टाचेवर फिरू द्यावे. पाऊल जमिनीत रोवून ठेवले तर ती पिळवट गुडघ्याला सोसावी लागते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तबकडीची पुढची कड वर उचलली गेली, तर ती आकाशात चढून थांबते आणि खाली पडते; म्हणून ती सपाट ठेवावी. शिवाय उजव्या हाताची ही फेक शेवटी डावीकडे झुकते. त्यासाठी मनगट न मुरडता नेमच थोडा उजवीकडे धरावा.

टोपलीजवळचा खेळ

वाचकहो, खेळाचा खरा लाभ येथे आहे. जवळच्या फेकीला बळ लागत नाही, नेम आणि तोल लागतो. पाय खांद्यांइतके अंतरावर, गुडघे किंचित सैल आणि नजर सर्व साखळ्यांवर न ठेवता एकाच कडीवर असावी. वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर यावे आणि त्याच लयीत हात सुटावा.

या खेळाचा एक नियम तर जणू आपल्यासाठीच केलेला आहे. टोपलीपासून 10 मीटरच्या आत असताना तबकडी सुटल्यावर लगेच पुढे पाऊल टाकता येत नाही. शरीराचा तोल पूर्ण सावरला आहे, हे आधी दाखवावे लागते.

माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडली होती. मनगटाचे हाड जुळले, भीती मात्र जुळून आली नाही. उद्यानात ती केवळ बाकावर बसे. एके दिवशी म्हणाली, "अहो, मला दोन हातांवरून टाकू द्या एकदा." मी शेजारी उभा राहिलो. तबकडी साखळीला लागून खणखणली आणि ती मोजू लागली : एक, दोन, तीन. मग पुढे पाऊल टाकले. रोज दहा फेकी आणि प्रत्येक फेकीनंतर तीन अंक स्थिर उभे राहणे, एवढाच तिचा व्यायाम होता. दोन महिन्यांनी ती गवतावर माझा हात न धरता चालू लागली. जिन्यावर ती आजही कठडा धरते आणि धरावयासच हवा.

सावधगिरी

आरंभी दहा मिनिटे चालावे, खांदे सावकाश फिरवावेत. आखडलेला खांदा, मणक्यांच्या हाडांची ठिसूळता, सांधेबदल, हृदयात बसवलेला पेसमेकर, उभे राहताना येणारी भोवळ किंवा नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असल्यास वैद्यांना विचारल्यावाचून एकही फेक करू नये. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. पाणी जवळ असावे. चपला नकोत, बंद व न घसरणारे बूट हवेत. साडीचा काठ पायात येणार नाही इतका वर असावा.

वाकताना कंबरेतून वाकू नये. एका हाताने काठीचा किंवा टोपलीच्या खांबाचा आधार घेऊन गुडघ्यांतून खाली जावे. तबकडी झुडपात किंवा पाण्यात गेली तर आपण जाऊ नये. अमेरिकेतील झाडोऱ्यात तीन-तीन पानांची 'पॉयझन आयव्ही' ही वेल अंगाला लागली की पुरळ उठते आणि गवतात गोचिडीही असतात. घरी आल्यावर पाय नीट पाहावेत. तबकडी नवी मिळते, खुबा मिळत नाही.

पुढचे खेळाडू दूर गेल्याशिवाय फेकू नये. मागून कोणी घाईत असेल तर त्याला पुढे जाऊ द्यावे. अठरा टोपल्यांचा आग्रह नको, चार पुरेत. थकवा येण्यापूर्वी थांबावे, कारण थकलेला पायच अडखळतो.

सांभाळणाऱ्यांसाठी

आई-वडिलांना फेक शिकवण्याची घाई करू नका. त्यांच्या फेकीच्या वेळी मागे, अर्ध्या पावलावर उभे राहा. समोरून सूचना देऊ नका. तबकडी उचलून आणण्याचे काम आपण घ्या, मोजण्याचे काम त्यांना द्या. आठवड्यातून एक सकाळ त्यांच्यासोबत जा. त्यांना खेळापेक्षा सोबत अधिक हवी असते.

मायदेशी परतल्यावर हा सराव सोडावयाचे कारण नाही. पटर सामानात आणावी. धुण्याचे घमेले गच्चीवर किंवा संकुलाच्या बागेत तीन मीटरवर ठेवावे आणि रोज दहा फेकी कराव्यात. नेम चुकला तरी हरकत नाही. प्रत्येक फेकीनंतर मात्र तीन अंक मोजावेत आणि तोल सावरला की मगच पुढचे पाऊल टाकावे.