कुदळ तिच्या हाती, जमीन कोणाच्या नावे?



युद्ध संपले म्हणजे शांतता आली, अशी आपली समजूत असते. परंतु पडकी भिंत कोणी उभारावी, पोरक्या मुलांना कोणी पोसावे, पडीक शेत कोणी खणावे, हे प्रश्न त्याच दिवशी उभे राहतात. त्यांचे उत्तर जगभर एकच दिले जाते : स्त्रीने. मात्र त्या घरावर, त्या शेतावर आणि त्या नव्या राज्यावर हक्क कोणाचा, असे विचारताच उत्तर बदलते. कष्टाच्या वेळी जिला पुढे केले, तिला वाटणीच्या वेळी मागे लोटायचे, हा अन्याय नव्हे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आफ्रिकेतील रुआंडा या लहानशा देशाकडे पाहा. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत तेथे तुत्सी समाजाचा संहार झाला. त्याला विरोध करणारे हुतूही मारले गेले. सुमारे ८ लाख माणसे प्राणास मुकली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पुढे लाखाहून अधिक आरोपी तुरुंगात पडले. गावोगाव उरल्या त्या विधवा, कैद्यांच्या बायका आणि अनाथ मुले. हाती कुदळ घेऊन शेती पुन्हा उभी केली ती प्रामुख्याने या स्त्रियांनी. परंतु रूढी काय सांगत होती? मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नाही आणि विधवेला नवऱ्याच्या शेतावरून दीर हुसकावू शकतो! जी पीक काढते, तीच परकी ठरत होती.

या स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. आरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात अकायेसू नामक नगरप्रमुखावर खटला चालू होता. स्त्रियांवरील बलात्काराचा उल्लेख मूळ आरोपपत्रात नव्हता. साक्षीदार स्त्रियांनी भर न्यायालयात ते सांगितले, तेव्हा १९९७ साली आरोपपत्र बदलावे लागले. २ सप्टेंबर १९९८ रोजी निकाल लागला आणि बलात्कार हेही वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने प्रथमच मान्य केले. त्या खंडपीठावरील एकमेव स्त्री न्यायाधीश, भारतीय वंशाच्या नवी पिल्ले, या दक्षिण आफ्रिकेच्या होत्या. साक्ष देणारी स्त्री आणि ती ऐकणारी स्त्री, दोघी तेथे होत्या, हे आपण ध्यानात ठेवावे.

पुढे १९९९ साली वारसाहक्काचा कायदा होऊन मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा मिळाला. २००३ च्या राज्यघटनेने निर्णय घेणाऱ्या संस्थांत स्त्रियांसाठी किमान ३० टक्के जागा ठरविल्या. २००८ च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहाच्या ८० जागांपैकी ४५ जागांवर स्त्रिया आल्या. स्त्रियांचे बहुमत असलेले असे राष्ट्रीय सभागृह जगात प्रथमच दिसले.

येथे टाळ्या वाजवून थांबावे काय? मुळीच नाही. वारसाचा तो कायदा पत्नीला संरक्षण देत होता, पण केवळ विवाहाची सरकारी नोंद असेल तर! नोंदीविना संसार केलेल्या कितीतरी स्त्रिया आणि एकाच पुरुषाच्या अनेक बायकांपैकी मागाहून आलेल्या, या संरक्षणाबाहेर राहिल्या. कायदा दारापर्यंत आला. कागद नाही म्हणून आत शिरला नाही.

दुसरे व्यंग अधिक गंभीर आहे. सत्ताधाऱ्यांविरुद्ध निवडणूक लढविण्याच्या हेतूने २०१० साली मायदेशी परतलेल्या व्हिक्टोरी इंगाबिरे यांना कटाच्या व वंशसंहारास कमी लेखल्याच्या आरोपांवरून अटक झाली. त्यांना प्रथम ८ व नंतर १५ वर्षांची शिक्षा झाली. २०१८ साली राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली तेव्हाच त्या सुटल्या. सभागृहात स्त्रिया बहुसंख्य, आणि विरोधात बोलणारी स्त्री तुरुंगात! मग त्या बहुमताचे मोल किती? राज्यकर्त्यांच्या मर्जीने मिळालेली खुर्ची म्हणजे हक्क नव्हे. तरीही त्या जागा निरर्थक आहेत असे म्हणणे चूक ठरेल. ज्या मुलीला बापाचे शेत मिळाले, तिच्या पायाखालची जमीन खरी आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ऑक्टोबर २००० मध्ये १३२५ क्रमांकाचा ठराव करून शांततेच्या वाटाघाटींत व पुनर्रचनेत स्त्रियांना स्थान द्यावे असे सांगितले. ठराव चांगला आहे. परंतु ठरावाने चूल पेटत नाही. म्हणून युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या कोणत्याही देशाच्या पुनर्रचनेची वार्ता वाचाल, तेव्हा किती स्त्रिया सभेत बसल्या एवढे मोजून समाधान मानू नका. तिने खणलेले शेत कोणाच्या नावे लागले? तिची साक्ष कोणी ऐकली? आणि सत्तेला 'नाही' म्हणून ती रात्री आपल्या घरी निर्धास्त झोपू शकते काय? हे प्रश्न विचारा. त्यांचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत ते युद्ध तिच्यापुरते संपलेले नाही, असेच समजा.