दुधाच्या पिशवीचा कोपरा

नेर (जि. यवतमाळ) : दुधाची पिशवी फोडताना तिचा कोपरा कात्रीने कापला जातो आणि ओट्यावरून थेट केरात पडतो. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याला देण्याची सवय अनेक घरांत अद्याप टिकून आहे. तो चिमुकला तुकडा मात्र कोणीच वेचत नाही. राज्यात दररोज सुमारे १ कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात व त्यांतून ३१ टन प्लास्टिक कचरा निर्माण होतो, अशी माहिती तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी जून २०१९ मध्ये विधिमंडळात दिली होती. जितक्या पिशव्या, तितकेच कोपरे.

राज्य सरकारच्या २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेने दुधाच्या पिशवीला सूट दिली, ती अटींवर. जाडी किमान ५० मायक्रॉन असावी, पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापावी आणि ती परत घेण्याची व्यवस्था डेअरी व विक्रेत्यांनी उभारावी, असे त्यात म्हटले होते. नियमभंगासाठी ५ हजारांपासून २५ हजार रुपयांपर्यंत दंड आणि तिसऱ्या वेळी कैदेची तरतूद होती. दंडामुळे कॅरिबॅगवर काही काळ वचक बसला. ५० पैशांची परतफेड मात्र राज्यभर रुजली नाही.

यामागचे कारण सरकारच्याच आकड्यांत सापडते. ३१ टनांना १ कोटीने भागले, तर एका पिशवीचे वजन जेमतेम ३ ग्रॅम भरते. किलोभर प्लास्टिकसाठी तीनशेहून अधिक पिशव्या जमवाव्या लागतात. दुधाचा वास येणाऱ्या या पिशव्या छोट्या दुकानदाराने कोठे ठेवायच्या? मुंबईत आरेच्या केंद्रांवर रिकामी काचेची बाटली देऊन भरलेली घेण्याची पद्धत होती. तिथे परतीचा मार्ग वस्तूच्या रचनेतच होता. काच जड, फुटणारी आणि धुण्यास खर्चिक म्हणून पिशवी आली. परतीचा मार्ग मात्र तिच्यासोबत आला नाही.

तरीही दुधाची पिशवी ही तुलनेने चांगली रचना आहे. ती एकाच प्रकारच्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिथिनची असल्याने वितळवून पुन्हा वापरता येते. वेफर्सच्या पाकिटाचे तसे नाही. हवा आणि दमटपणा रोखण्यासाठी त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे व धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. प्रत्येक थराचे वितळण्याचे तापमान निराळे, म्हणून ते सुटेही होत नाहीत आणि एकत्र वितळवताही येत नाहीत. पुनर्चक्रीकरण न होणारी अशी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करण्याचा नियम केंद्राने २०१६ मध्ये केला. २०१८ च्या दुरुस्तीत, ज्यापासून ऊर्जा मिळू शकते किंवा ज्याचा अन्य उपयोग आहे, अशा वेष्टनांना वाट मोकळी करून देण्यात आली.

झाकण बाटलीलाच

युरोपीय महासंघाने ३ जुलै २०२४ पासून ३ लिटरपर्यंतच्या प्लास्टिकच्या पेय-बाटल्यांचे झाकण उघडल्यावरही बाटलीलाच जोडलेले राहील, असे बंधन घातले. त्यापूर्वी कित्येक दशके शीतपेयाच्या डब्यावरील ओढून फेकण्याची कडी जाऊन डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली होती. दोन्ही वेळा ग्राहकाला उपदेश करण्याऐवजी वस्तूच बदलण्यात आली. आपल्याकडे कोपरा पूर्ण न कापता केवळ चीर देण्याचे आवाहन केले जाते. ते योग्यच आहे. परंतु फाडल्यावरही तुकडा पिशवीलाच राहील, अशी खाच कारखान्यातच पाडता येणार नाही का?

केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या मार्गदर्शक तत्त्वांत वेष्टन पुनर्वापरास व पुनर्चक्रीकरणास अनुकूल असावे, अशी अपेक्षा आहे. मात्र उत्पादकांची उद्दिष्टे मोजली जातात ती वजनात. या हिशेबात कापलेल्या कोपऱ्याला जवळपास वजनच नाही. गटारात आणि शेतात पोचल्यावर मात्र तो तुकडा वेचून काढणे अशक्यप्राय होते.

रचनेची खरी परीक्षा महानगरात होत नाही. तिथे निदान कचरा वेचणाऱ्यांची साखळी आणि खरेदीदार आहेत. यवतमाळ-अमरावती मार्गावरील नेरसारख्या तालुक्याच्या गावी वेफर्सचे तेच पाकीट, पाण्याची तीच बाटली पोचते. ते परत नेण्याची यंत्रणा त्याच वेगाने पोचत नाही. इथे वेष्टनाचे भवितव्य भंगारात मिळणाऱ्या भावावर ठरते. बाटलीला भाव आहे, म्हणून ती उचलली जाते. थरांच्या पाकिटाला तो नाही, म्हणून ते जाळले जाते किंवा नाल्यात जाते.

तेव्हा नव्या वेष्टनाला परवानगी देताना जाडीच्या मायक्रॉनबरोबर आणखी दोन प्रश्न विचारले जावेत : वापरल्यानंतर त्याचा एखादा भाग सुटा होतो काय, आणि तालुक्याच्या गावातील भंगारवाला ते विकत घेईल काय? दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर ते वेष्टन गोळा करण्याचा खर्च नगर परिषदेच्या नव्हे, उत्पादकाच्या खात्यावर पडायला हवा.