चौकट आणि माटवी

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणकडे जाणारा रस्ता कसाल येथे फुटतो. या परिसरात जांभ्या दगडाच्या कौलारू घरांशेजारी आता सपाट छपरांचे बंगलेही दिसू लागले आहेत. घर बांधून झाले, की ते सजवावे कसे, हा प्रश्न येथील माणसालाही मुंबईकराइतकाच पडतो. त्याच्यापुढे सध्या दोन तऱ्हा ठेवल्या जातात. एक भौमितिक: सरळ रेषा, कोऱ्या भिंती आणि मोजके सामान. दुसरीस ‘बोहेमियन’ म्हणतात. तिच्यात रंगीबेरंगी गालिचे, झालरी, वेताच्या टोपल्या, टांगलेल्या कुंड्या, आणि कशाचा कशाशी मेळ नाही असा मुद्दाम आणलेला आव. यांतली उत्तम कोणती हे ठरवण्यापूर्वी दोहोंचे कूळ पाहिलेले बरे.

भौमितिक तऱ्हेला मोठे बळ मिळाले ते जर्मनीतील ‘बाउहाउस’ या कलाशाळेमुळे. वास्तुशिल्पी वॉल्टर ग्रोपियस यांनी ती 1919 साली वायमार येथे स्थापन केली. 1933 साली नाझी राजवटीच्या दडपणाखाली ती बंद पडली. यंत्राने होऊ शकतील अशा साध्या, टिकाऊ व सुबक वस्तू सामान्य माणसाच्या घरात याव्यात, हा तिचा एक हेतू होता. तेथील मार्सेल ब्रॉयर यांना पोलादी नळ्यांची खुर्ची सुचली, ती सायकलचे हँडल पाहून! आज मात्र हीच साधी रेषा पुष्कळदा श्रीमंतीची खूण म्हणून मिरवते. खोली रिकामी ठेवण्यासाठीही पैसा लागावा, ही गंमतच म्हणायची.

‘बोहेमिया’ हा आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रांत. भटके रोमा लोक तेथूनच आले, अशा समजुतीने फ्रेंच लोक त्यांना बोहेमियन म्हणू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील निर्धन, स्वच्छंदी कलावंतांनाही तेच नाव मिळाले. रोमा लोकांची भाषा तर आपल्या भाषांच्याच कुळातली. पाण्याला ते ‘पानी’च म्हणतात. मिळेल ते गोळा करून जगणाऱ्यांच्या खोल्यांत जी गर्दी वर्षानुवर्षे साचत गेली, ती आज दुकानातून एका दिवसात विकत आणतात. अशा गर्दीला आठवण नसते. शिवाय कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात गालिचा आणि झालर यांना बुरशी लागते, हे दुकानदार सांगत नाही.

खरे तर या दोन्ही तऱ्हा आपल्या जुन्या घरात सुखाने नांदत होत्या. ओटी, माजघर, पडवी यांची आखणी काटेकोर असे. जमीन सारवलेली, भिंत बहुधा मोकळी, आणि सामान कामापुरते. मग भाद्रपदात गणपती येई, आणि त्याच्या मस्तकावर माटवी बांधली जाई. माटवी म्हणजे आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्यांची चौकट, शुद्ध भूमितीच! पण तिच्यावर काय काय लोंबते पाहा: आंब्याचे टहाळे, नारळ, सुपारीचे घोस, तवशी, चिबूड, केशरी कवंडळे, तेरडा, शेरवडाची पांढरी पाने. रानात आणि परसात त्या ऋतूला जे असेल ते सारे. रंगांची अशी उधळण कोणत्याही बोहेमियन दिवाणखान्यात मला दिसलेली नाही. आणि तरीही ती अस्ताव्यस्त वाटत नाही, कारण तिला चौकटीने धरून ठेवलेले असते.

कोणी म्हणेल, ही तर धार्मिक प्रथा, तिचा सजावटीशी काय संबंध? माझ्या मते निकटचा आहे. गणपती गेले, की फळेपाने उतरतात, चौकट मात्र पुढल्या वर्षासाठी माळ्यावर जाते. घरात जे कायमचे राहायचे ते सरळ, साधे, झाडायला-पुसायला सोपे असावे; आणि जी हौस करायची ती उतरवता येण्याजोगी असावी. दोहोंतून एकच निवडायची पाळी आली, तर मी रेषेच्या बाजूने उभा राहीन. मात्र वर्षभर काहीच न टांगलेली कोरी खोली मला घरासारखी वाटत नाही. तिथे राहणारी माणसे कोण, त्यांच्या परसात काय पिकते, हे तिच्यावरून कळत नाही.

कौलारू घरात माटवी वाशांना बांधता येई; सपाट छताला तसा आधार नसतो. म्हणून नवे घर बांधणाऱ्याने स्लॅब ओतण्यापूर्वीच गवंड्याला सांगून गणपतीच्या जागी चार लोखंडी कड्या बसवून घ्याव्यात. त्यांना फारसा खर्च येत नाही, आणि उरलेले वर्षभर त्या कोणाच्या नजरेतही येत नाहीत.