काशीदला जाताना रेवदंड्यात उतरा

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता रेवदंड्याची तटबंदी कापून पुढे जातो. शनिवारी-रविवारी त्या खिंडारातून मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. सगळ्यांना काशीदची वाळू गाठायची घाई. आपण एका जुन्या शहराच्या पोटातून चाललोय, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, थांबा. गावातला एखादा जाणता माणूस सोबत घ्या आणि एक दिवस चौल, रेवदंडा, कोर्लई पाहा. ज्या भिंतीचं नाव कोणी विचारत नाही, तिचे दगड उचलून नेणाऱ्यालाही कोणी हटकत नाही.

कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये चौलचे, म्हणजे तेव्हाच्या चेमुलाचे रहिवासी आहेत. दहाव्या शतकाच्या आरंभी अल मसुदी हा अरब प्रवासी इथे आला आणि त्याने इथल्या मोठ्या मुसलमान वस्तीची नोंद केली. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन विकायला घोडा घेऊन याच बंदरात उतरला. 1521 मध्ये पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ल्याचं काम काढलं, 1570-71 मध्ये निजामशाहीचा वेढा सोसला आणि 1740 मध्ये हे ठाणं मराठ्यांच्या हाती आलं. मुंबई वसायच्या कितीतरी आधी जगाला चौल माहीत होतं.

पण हे सगळं एकट्याने हिंडून दिसत नाही. रामेश्वराच्या देवळासमोरची पुष्करणी दिसेल. देवळाच्या आतली पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड ही कुंडं आणि दुष्काळात पर्जन्यकुंड उघडायची प्रथा मात्र कोणीतरी सांगावी लागते. हमामखान्याचे अवशेष, बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग, नारळी-पोफळींच्या गर्दीत उभा असलेला सातखणीचा मनोरा, कुणाच्या तरी वाडीचं कुंपण होऊन बसलेला तट, यांच्यापर्यंत नेणारी वाट गावकऱ्यांच्या पायांनाच माहीत आहे.

साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. एका बाजूला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या डोंगरावर 1594 मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतलेला किल्ला. पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती घरं आजही आपसांत पोर्तुगीजपासून घडलेली 'नोलिंग' बोलतात. मराठीच्या शेजारात शतकानुशतकं टिकलेली ही बोली आता जेमतेम हजारभर माणसांच्या तोंडी आहे. तट पडला तर निदान दगड उरतील, बोली गेली तर काय उरणार?

तटाच्या सांध्यांत उंबर-पिंपळाची मुळं शिरली आहेत. समुद्राकडची बाजू खारा वारा आणि लाटा खात आहेत. दगडावर बदाम कोरून नावं लिहिणारे आपलेच लोक आहेत. वाड्या विकल्या जातात, त्यांच्याबरोबर त्यांतले अवशेषही जातात. मला सर्वांत मोठी भीती वाटते ती जाणत्यांची पिढी संपण्याची. त्यांची मुलं नोकरीसाठी मुंबईला गेली, कारण गावाची गोष्ट सांगून पोट भरता येतं असं त्यांना कोणी दाखवूनच दिलं नाही.

ते आपण दाखवू शकतो. गेटवेवरून लाँचने मांडव्याला या, एसटी पकडून चौलला उतरा. वाट दाखवणाऱ्याला त्याच्या वेळेचे आणि ज्ञानाचे पैसे न घासाघीस करता द्या. जेवण गावच्या खानावळीत घ्या.

चौल-रेवदंडा-कोर्लईच्या ग्रामस्थांनो, 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडा: प्रत्येक अवशेषाची नोंद आणि फोटो, वाटांवर मराठी पाट्या, तटाच्या दगडाला हात लावायला बंदी, आणि मार्गदर्शक होऊ इच्छिणाऱ्या गावातल्या मुला-मुलींसाठी प्रशिक्षण. वाडीमालकांनो, तटापर्यंत जायला पायवाट मोकळी ठेवा. मुळं स्वतः उपटू नका, त्याने चिराच निखळतो. पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. शिक्षकांनो, पुढची सहल रिसॉर्टऐवजी इथे आणा. कोर्लईच्या तरुणांनो, आजीची नोलिंग मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आजच. आणि इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या, कोकणातल्या गावांची आडनावं अजून लावणाऱ्या आपल्या बेने इस्रायली माणसांनो, तुमच्या घरी रेवदंड्याचे जुने फोटो किंवा पत्रं असतील तर त्यांच्या प्रती गावाला पाठवा.

पावसाळ्यापर्यंतचे महिने हाताशी आहेत. येत्या रविवारी पहिली तुकडी निघू द्या.