आधी आवाज ओळखा, मग पैसे मोजा

जुना पिकअप घेऊन भाजीपाला, फळे वाहून नेणारे आपले बांधव पुष्कळ आहेत. गाडीचे स्टिअरिंग आवाज करू लागले की ‘पूर्ण बॉक्स बदला’ असा सल्ला मिळतो आणि महिन्याची कमाई गॅरेजात जाते. आमचे म्हणणे असे की, आधी आवाज ओळखावा.

वळवताना घूंऽ असा आवाज येत असेल, तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचे तेल कमी असते किंवा त्यात हवा शिरलेली असते. नुसते तेल ओतू नये, गळती शोधावी. चींऽ असा आवाज असेल तर पट्टा पाहावा. खड्ड्यात खटखट होत असेल, तर इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने टाय रॉडच्या सांध्यावर हात ठेवावा. ढिला सांधा हाताला लगेच कळतो. तो एकटा बदलता येतो. त्यानंतर अलाइनमेंट मात्र करावी.

सांधा निखळला तर गाडी हातात राहत नाही. म्हणून विकणाऱ्यानेही दोष सांगूनच सौदा करावा. लपवलेल्या खटखटीची किंमत घेणाऱ्याने जिवाने का मोजावी?